आत्याची सही आणि तुमची चप्पल

ताई, सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावातली, लग्नानंतर कोल्हापुरात राहते. वय 43. दोन वर्षांपासून कथा लिहायला लागले आहे. आमचं गुऱ्हाळ होतं. 1993 साली आजोबा वारले आणि काही महिन्यांत अण्णांनी (माझे वडील) आणि काकांनी आत्याची हक्कसोडपत्रावर सही घेतली. कशावर सही करतोय हे तिला कुणी नीट सांगितलंही नव्हतं. सही झाल्यावर महाद्वार रोडला एक साडी घेऊन दिली आणि परत पाठवलं. त्यावर मी कथा लिहिली. आमच्या शनिवारच्या गटात वाचली, तर सगळे म्हणाले, आत्या खरी वाटत नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच कळवून कथा परत केली. मी त्यांना कळवलं, की हे अक्षरशः असंच घडलंय, मी तिथे होते. इकडे गटातल्या कुणीतरी माझ्या भावाला सांगितलं. तो म्हणतो, अण्णांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. म्हणजे परक्यांना खोटी वाटते आणि घरच्यांना नको तेवढी खरी. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. आत्या आहे, 74 वर्षांची, गगनबावडा रोडवरच्या तिच्या गावी असते. तिला कथेचं काही माहीत नाही. नावं बदलू का? स्वतःच्या आयुष्यातलं किती घ्यावं, याला काही मर्यादा असते का?

ता. क. त्या दिवशी आत्याला आणायला मलाच पाठवलं होतं. आजीला बरं नाही असं सांग म्हणाले, मी सांगितलं. अकरा वर्षांची होते. ती आजीसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन निघाली. संध्याकाळी मला चप्पल लाईनीत नवी चप्पल मिळाली. हे कथेत नाही, तुम्हाला सहज सांगितलं. गेल्या वर्षी मीसुद्धा भावाला हक्कसोड करून दिलं, पण माझं राजीखुशीनं होतं.

– एक वाचक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं. सोबतची कथा दोनदा वाचली. पत्र जास्त चांगलं आहे, आणि पत्रातही ताजा कलम सगळ्यात चांगला. या सदरामुळे मला एक खोड लागलीय, पत्र उघडलं की आधी तळाशी ता. क. आहे का बघते. माणूस तासभर दुसरंच काहीतरी बोलतो आणि उठून दारात चपला घालताना खरं काय ते सांगतो. तुम्ही तर थेट चपलेवरच आलात.

पण आधी कथा. गटातल्या लोकांनी अख्खी कथाच खोटी ठरवली असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. गुऱ्हाळाची सुरुवातीची तीन पानं ऐकताना कुणी 'खरं वाटत नाही' म्हणालं का? नसणार. चुलवाणात चिपाड सारणाऱ्याच्या नडगीवरचे भाजल्याचे डाग, काहिलीत भेंडीचं पाणी सोडल्यावर फसफसून वर येणारी मळी, थंड पाण्यात पाक टाकून त्याची गोळी वळून बघणारा गुळव्या, तो 'उतरा' म्हणाला की सगळ्यांची उडणारी धांदल, आणि 30 किलोचा रवा (गुळाची ढेप) पालथा घातल्यावर फडक्याची वीण गुळावर उमटलेली. ही वीण मला फार आवडली. लहानपणी गुळाच्या ढेपेवर मीही ती बघितलीय आणि आजपर्यंत कधी कुणाच्या लिखाणात वाचली नव्हती. या तीन पानांत तुम्ही कुणाला काही पटवायला निघालेल्या नाही. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही सांगताय, संपलं. (रस आटून गूळ होतो तशी अनुभव आटून कथा होते, असं काही मी इथं म्हणणार नाही. कोल्हापुरात लेखनाची एकही कार्यशाळा या वाक्याशिवाय पार पडत नाही.)

मग आत्या येते आणि तुमची भाषाच बदलते. रजिस्ट्रार ऑफिसच्या पायरीवर ती म्हणते, "दादा, मी जमिनीवरचा हक्क सोडते आहे, माहेरावरचा नाही." अहो, करवीर तालुक्यात जन्मलेली, गगनबावड्याच्या रस्त्याला दिलेली बाई असं बोलेल? आपल्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याची पाहुणी ऐकून हसते. पुढे आपण लिहायला बसलो की ती पाहुणी शेजारी नसतानाही आपण 'येते', 'जाते' करून टाकतो. तुमच्या पत्रात दुसऱ्या पानावर 'बघतो म्हटलं' असं आधी लिहून तुम्ही ते खोडलंय आणि वर 'बघते' केलंय. शाईखालून दिसतं. मीही या सदरात 'बघते'च लिहिते, म्हणजे आपण दोघी एकाच शाळेत शिकलेल्या.

त्या पायरीवर आत्या खरोखर काय बोलली ते तुम्हाला आठवत असेल तर लिहा. ते वाक्य ती बोललेली नाही, एवढं मी पैजेवर सांगते. मला विचाराल तर ती "कुठं करायची?" एवढंच म्हणाली असेल. आणि अंगठ्याची शाई पुसायला भिंत बघितली असेल, कारण त्या ऑफिसांच्या भिंती अशा निळ्या अंगठ्यांनी भरलेल्या असायच्या.

आता 'घडलंय' आणि 'खरं वाटत नाही' यांचं भांडण. शेजारीण आपल्याला तिच्या आत्याची गोष्ट सांगते तेव्हा आपण विश्वास ठेवतो. तिचा आवाज कापत असतो, तिचे अण्णा आपण पाहिलेले असतात, चहा निवत असतो. कागदावर यातलं काहीच येत नाही. तिथं सांगणाऱ्याची ओळख सांगणाऱ्याच्या शब्दांतूनच पटवून घ्यावी लागते. संपादकांना तुम्ही 'मी तिथे होते' असं कळवलंत. कबूल. पण कथेत तुम्ही कुठे आहात? मी मुद्दाम शोधलं. अकरा पानांत तुम्ही एकदाच दिसता, "मी कोपऱ्यात उभी राहून भरल्या डोळ्यांनी सगळं बघत होते."

कोपऱ्यात कशा? तुम्ही तर तिला घेऊन आला होता.

कथेत 'आत्या सकाळच्या गाडीने आली' असं चार शब्दांत उरकलंय. कुणी आणली, काय समजून आली, हे सगळं त्या चार शब्दांखाली गाडलेलं आहे. आणि माझ्या मते कथा तिथंच आहे, रंकाळा स्टँडला पोचायच्या आधी, एसटीतच. तासाभराचा रस्ता. शेजारी आत्या, तिच्या मांडीवर बरणी. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते म्हणून लोणचं. ती गप्प बसणार का? ताप किती हाय, जेवती काय, डॉक्टरला दावलं काय, रात्री कोण झोपतंय जवळ. अण्णांनी तुम्हाला एकच खोटं देऊन पाठवलं होतं. बाकीची सगळी तुम्हाला गाडीत रचावी लागली असणार. आजीला पेज दिली, डॉक्टर काल येऊन गेले, खोकला कमी आहे. दोन वर्षांपासून कथा लिहिते असं तुम्ही म्हणता. तुमची पहिली कथा 1993 साली त्या एसटीत झाली, आणि ऐकणारीला ती शब्दन् शब्द खरी वाटली.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची कल्पना आहे. थोडं वाटू दे. अकरा वर्षांच्या पोरीला कुणी दोष देत नाही, मीही देत नाही. पण त्रेचाळीस वर्षांच्या लेखिकेनं तिला कथेतून हळूच बाहेर काढलं आणि कोपऱ्यात नेऊन उभं केलं, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे झालं काय, की राग सगळा अण्णांवर, दया सगळी आत्यावर, आणि सांगणारी धुतल्या तांदळासारखी. वाचणाऱ्याला याचा वास लगेच येतो. नेमकं काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो आत्याकडे बोट दाखवतो. तुम्ही स्वतःचं ओझंही तिच्याच डोक्यावर दिलंय, म्हणून ती बिचारी भाषणं करते.

भावाचा रागही थोडा इथूनच आलाय, असं मला वाटतं. कथा फिर्यादीसारखी वाचली जाते. फिर्याद आली की समोरचा बचावाला उभा राहणारच. तुम्ही तुमची नवी चप्पल घालून त्या कथेत आलात, तर तो रागावणार नाही असं मी म्हणत नाही. पण मग तो 'अण्णांची अब्रू' म्हणून विषय बंद करू शकणार नाही, कारण तुम्ही स्वतःचीही झाकून ठेवलेली नसेल.

दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन 1978 साली आलं. त्यात सगळी कहाणी दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतात. माणूस एकच. पण शिकून शहरात स्थिरावलेल्या दया पवारांना मागे राहिलेल्या दगडूसमोर बसून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि दगडू त्यांना सोडत नाही. ही युक्ती तशीच उचला असं मी सांगत नाही, पण लिहिताना करून बघा. अकरा वर्षांच्या पोरीला बोलू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या. तिला 'शोषण' हा शब्द माहीत नाही. 'पितृसत्ता' तर तिच्या बापालाही माहीत नाही. तिला चपलेचा लाल गोंडा माहीत आहे, आणि नवी चप्पल चावते म्हणून दुसऱ्या दिवशी टाचेला लावलेलं खोबरेल माहीत आहे. (गोंडा आणि खोबरेल मी माझ्या पदरचं घातलंय. तुमचं वेगळं असेल, ते लिहा.)

दोन प्रश्न मी तुमच्या जागी असते तर आधी सोडवले असते. आत्याला कळलं कधी? एसटीत? स्टँडवर अण्णा न्यायला आले आणि घराकडे न नेता ऑफिसकडे वळले तेव्हा? की आजी समोर धडधाकट बसलेली दिसली तेव्हा? आणि ती बरणी कुठं गेली? मला बरणीनं रात्रभर छळलंय. आत्यानं ती परत नेली, की आजीनं ठेवून घेतली? तुम्ही घरात ते लोणचं खाल्लंत का?

अनुभवाला दुसऱ्या बाजूनं भिडायची वेळ माझ्यावरही आली होती, तो किस्सा सांगते. मी तेव्हा शाहूपुरीत राहत होते. 2019 च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, पाणी गेलं 55 च्या वर. कुंभार गल्लीत गणपती तयार होऊन बसलेले, चतुर्थी 2 सप्टेंबरला. आमच्या ओळखीच्या एका कारागीर दादांच्या शेडमध्ये पाणी शिरलं आणि शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला. पुढच्या वर्षी मी त्यावर कथा लिहिली. शेवटी तो मूर्तिकार चिखलात हात घालून हमसून रडतो, हाताला एक सोंड लागते वगैरे. पत्रं आली, कौतुक झालं. दादांना मी अंक नेऊन दिला. आठवड्यानं भेटले. म्हणाले, "वहिनी, ब्येस लिवलंय. पण मी रडलो न्हाई तवा. हिशेब करत हुतो. कुणाकुणाचा ॲडव्हान्स कसा माघारी द्यायचा." गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस तोंडी बेरीज करतोय, हे मला सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं, कारण मी रडण्यावर हात मारून मोकळी झाले होते. त्यांना एकदा विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं. जाता जाता दादांनी आणखी एक ऐकवलं. "आणि नाव कशाला बदलला ओ? खरं ठेवला असता तर चार गिऱ्हाईकं तरी आली असती."

त्यावरून तुमचा नावांचा प्रश्न. नाव बदलून गावात काही लपत नाही. उलट चार डोकी पारावर बसून 'हा म्हणजे तो' असा खेळ लावतात, आणि तुमच्या मनात नसलेल्या माणसांवरही संशय जातो. आपल्याकडे माणूस नावानं कमी ओळखला जातो, रानाच्या बांधावरून, धंद्यावरून, भावंडांच्या संख्येवरून जास्त. बदलायचं तर ते बदला. दोन भाऊ एक बहीण असेल तर भाऊ एकच ठेवा. वाटणीचं साल हलवा, आजोबांचं आधीच जाणं काढून टाका. गुऱ्हाळ मात्र बदलू नका. मैत्रीण सांगेल, सुरक्षित म्हणून गिरण कर, दूध डेअरी कर. ऐकू नका. गुऱ्हाळ तुमच्या हातातलं आहे, डेअरीवर तुम्हाला ती वीण सापडणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, पण एवढं तुम्हाला ठाऊक असावं. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये येते. 1 जुलै 2024 च्या आधी हीच गोष्ट भारतीय दंड संहितेच्या 499 आणि 500 मध्ये होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. गेलेल्या माणसाबद्दलचं लिखाणही त्यात येऊ शकतं, जर ते त्याच्या घरच्यांच्या भावना दुखवायच्या इराद्यानं लिहिलेलं असेल आणि तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती असं असेल. 'पण हे खरं आहे' एवढ्यावर सुटका होत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'फसवून सही घेतली' हे वाक्य कथेत निवेदकाच्या तोंडी जसंच्या तसं आहे आणि काका हयात आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. तसंही ते वाक्य काढाच. बरणी आली की त्या वाक्याची गरज उरत नाही.

कागदाची आणखी एक गोष्ट, ही लिहिण्याच्या कामाची. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि नोंदवलेल्या दस्ताची नक्कल अर्ज करून फी भरली की मिळते. ती काढा. गावच्या फेरफाराची नोंदही बघा. साक्षीदार कोण होते, आत्याचं वय काय लावलंय, सही आहे की अंगठा, हे आठवणीच्या भरवशावर सोडू नका. आठवण माया लावते. आणि त्या दस्तात तुम्हाला एक शब्द भेटेल असा माझा अंदाज आहे, 'राजीखुशीने'. असल्या दस्तांच्या ठरीव मजकुरातच तो असतो. तुमच्या पत्राचा शेवटून दुसरा शब्दही तोच आहे.

त्यावर मी जास्त बोलणार नाही. तुमची सही, तुमचा निर्णय, आणि तो राजीखुशीचा असूही शकतो. आत्याचा वडिलांच्या वाट्यात हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं 1993 सालीही होता. नसता तर तिला गाडीत घालून आणायची तसदी कुणी घेतली असती? तुमचा हक्क तर 2005 च्या दुरुस्तीनं भावाच्या बरोबरीचा, जन्मापासूनचा. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत ही अटही काढून टाकली. तरी राखीपौर्णिमा आणि भाऊबीज यांच्या मधे कुठेतरी ही सही आपल्याकडे होत राहते, आणि करणाऱ्या बाईला 'काही वाटत नाही'. ही वेगळी कथा आहे. कदाचित हीच लिहायची म्हणून तुम्ही आत्याची लिहायला घेतली असेल. भावाचा आवाज एवढा का चढला याचं उत्तरही मला अण्णांच्या अब्रूपेक्षा त्या ताज्या सातबाऱ्यात जास्त दिसतं. पण मी त्याला ओळखत नाही, चुकत असेन.

आत्ताच्या कथेत मात्र हे सगळं कोंबू नका. आधीच तुम्ही त्यात गुऱ्हाळ बंद पडणं, आजोबांचं मरण, वाटणी, आत्या आणि आजीचा शेवट असं पाच बैलांचं ओझं एका गाडीत भरलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या कागलच्या आनंद यादवांकडे बघा. 'झोंबी' हे त्यांचं आत्मचरित्रात्मक पुस्तक 1987 साली आलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. तोवर तेच रान, तीच माणसं त्यांच्या कवितांत, कथांत, 'गोतावळा' कादंबरीत येऊन गेली होती. आयुष्य एकदाच वापरून संपवायला ते काही काडेपेटीतली काडी नाही. तुम्हाला आत्ता एसटी पुरे. गाडीत बसल्यापासून रंकाळा स्टँडवर उतरेपर्यंत, पाच-सहा पानं. सही दाखवलीच नाहीत तरी चालेल.

आता मर्यादेबद्दल. 'स्वतःच्या आयुष्यातलं किती घ्यावं' असं तुम्ही विचारलंय. तुमचं स्वतःचं असेल ते हवं तेवढं घ्या, हात आखडू नका. अडचण दुसऱ्यांच्या वाट्याची आहे. तिथं मी एकच बघते, त्या दिवशी त्या खोलीत कुणाच्या हातात काय होतं. अण्णांच्या आणि काकांच्या हातात कागद होता, जमीन होती, ठरवणं होतं. त्यांच्याबद्दल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, भावाची तर नाहीच. त्याला छापून आल्यावर अंक द्या, आधी वाचायला देऊ नका. तो एकेक वाक्य काढायला लावेल, तुम्ही घरच्या शांततेपायी काढाल, आणि शेवटी फक्त गुळाची पाककृती उरेल.

आत्याचं तसं नाही. तिच्या हातात बरणी होती. एकदा तिला न सांगता तिचं नेलंय. आता तीच गोष्ट तिला न सांगता तुम्ही अंकात नेलीत, तर नेणारं माणूस बदललं, रीत तीच राहिली. म्हणून ही कथा कुठेही पाठवायच्या आधी तिच्याकडे जा. परवानगीचा कागद करायला नव्हे, कागद पुष्कळ झाले. वाचून दाखवा. तिला वाचता येत असलं तरी वाचून दाखवा, म्हणजे 'जाते' कुठं आलं की ती हसेल आणि तुम्हाला कळेल. तिला तो दिवस तुमच्यासारखा आठवतच असेल असं धरू नका. कदाचित ती म्हणेल, मला माहीत होतं पोरी, तुझं तोंड बघूनच कळलं हुतं. मग तर सगळी कथाच फिरली, एसटीत दोघी एकमेकींशी खोटं बोलत बसलेल्या. कदाचित म्हणेल, नको लिहू. तसं म्हणाली तर मी तुमच्या जागी असते तर छापायला दिली नसती, ती असेपर्यंत. लिहून मात्र पुरी केली असती. इथं माझ्याशी भांडणारे बरेच लेखक भेटतील आणि त्यांची बाजूही लंगडी नाही. मी तुम्हाला माझं सांगितलं.

जाताना एसटीनंच जा, गाडी काढू नका. रस्त्यात काय काय दिसतं, कुठल्या वळणावर उन्हाची बाजू बदलते, ते परत बघून घ्या. साडी नेऊ नका. रिकाम्या हातानं जाववत नसेल तर थोडी लिंबं न्या. इतक्या वर्षांनी अचानक दारात दिसलात की ती विचारणारच, "आज कसं काय वाट चुकलीस गं? कोन आजारी हाय काय?"

यावेळी ज्या कामाला आलात तेच सांगा.